बसलेला रांजण

बसा असं सावलीला. चहा येतोय, तोवर एक गोष्ट सांगतो. सूडाची आहे. सूड म्हटलं की लोकांना कोयता आठवतो, कोर्ट आठवतं. ह्यात तसलं काही नाही. ह्यात एका बाईनं नुसता हात पुढं केला, तोही दुसरीनं ओढला म्हणून. तेवढ्यावर पन्नास फुटी चित्र मेलं. ऐका नीट, कारण ऐकून झालं की तुमच्याकडं एक काम आहे.

आपल्या बार्शीत जुन्या तालमीच्या मागं पतंग्यांचं घर आहे. भावसार लोक, धंदा रंगाऱ्याचा. अंबादास पतंगे अंगानं काटकुळा, बोलणं मोजकं. त्याची बायको मालनबाई आडव्या बांध्याची, तोंडानं फटकळ. दोघांचे हात कोपरापर्यंत निळे. बाजारात गेले की भाजीवाली म्हणायची, "आले निळे."

अंगणात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा रांजण. त्यात नीळ, चुन्याची निवळी, साजीखार, गूळ आणि उकडलेलं टाकळ्याचं बी. सगळं आंबलेलं. वास असा की नवा पाहुणा दारातनंच वळायचा. पण तो रांजण जिता होता. आपण दही लावतो ना, तसं त्याचं विरजण सात पिढ्या चालत आलेलं. अंबादास रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, "आज गोड मागतोय." की मालनबाई गुळाचा खडा टाकणार. कापड आत बुडवलं की बाहेर येताना पिस्त्यासारखं हिरवंपिवळं यायचं, आणि वारा लागला की तुमच्या डोळ्यांदेखत निळं व्हायचं. मी शंभरदा बघितलंय, तरी दरवेळी तोंड उघडं राहायचं.

त्या घराचे दोन नेम होते. पहिला, विरजण घराबाहेर जात नाही. जातं ते फक्त लेकीच्या लग्नात, तिच्या ओटीत, तांब्याच्या लोट्यातनं. दुसरा नेम रांजण बसण्याचा. कधी कधी रांजण बसतो. फेस मरतो, पाणी काळं पडतं, कापडाला रंग धरत नाही. मग त्या घरानं दहा दिवस सुतक पाळायचं. आंघोळ करायची, अंगावरची वस्त्रं जाळायची, आणि त्या हातांनी दुसऱ्या कुठल्याही जित्या रांजणाजवळ जायचं नाही.

हा दुसरा नेम मोडला की काय होतं त्याची खूण परसातच होती. चाळीस वर्षांपूर्वी मालनबाईच्या सासूचा रांजण तिथं होता. सासऱ्याचा वैरागचा मेव्हणा पाहुणा आला. त्याच्या घरचा रांजण आदल्या दिवशी बसला होता, पण लाजेनं बोलला नाही. वर मायेनं म्हणाला, "आक्का, मी ढवळतो," आणि काठी घेऊन ढवळला. तिसऱ्या दिवशी सासूचा रांजण बसला. पुढच्या अंगणातला दुसरा होता म्हणून धंदा राहिला. म्हातारीनं मेल्या रांजणावर शहाबादी फरशी टाकली, कडेनं चुना लिंपला आणि सुनेला सांगितलं, "हे कुणी उघडायचं न्हाई. तुझ्या जन्मात न्हाई."

मालनबाईला मूलबाळ नव्हतं. म्हणजे विरजण न्यायला लेक नव्हती. हे तिचं दुखणं. बोलायची नाही, पण दुसऱ्याच्या लेकीचं लग्न असलं की ताटावरनं लवकर उठायची.

अशात ईशानी कारखानीस आली.

मुंबईची. कपड्यांची डिझायनर, नाव झालेली. तिची बिनड्रायव्हरची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडून बसली, पुढं यायला तयार नाही. तशी ही उतरून चिखलातनं चालत आली. वासानं नाक मुरडलं नाही. अंगठ्या काढल्या, बाही वर केली आणि सरळ कोपरापर्यंत हात रांजणात घातला. मालनबाई तिथंच जिंकली गेली.

दोन वर्षं ती पोरगी दर पंधरा दिवसांनी यायची. ओसरीवर झोपायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मावशी, माझी आई मी आठवीत असताना गेली. मला कुणी असं रागावलेलंच नाही."

"घास नीट. तळ काळा ऱ्हायलाय," मालनबाई म्हणाली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

एक दिवस ईशानीनं विरजण मागितलं. अंबादास म्हणाला, "ते लेकीसंगं जातं, बाई."

मालनबाई म्हणाली, "मग ही कोण हाय?"

तिनं पाट मांडला. हिरवा खण, नारळ, तांदूळ, आणि वर तोंडाला फडकं बांधलेला तांब्याचा लोटा. ओटी भरली. ईशानी रडली. खोटं रडली नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं त्या खऱ्या रडण्यानंतरच झालं, म्हणून तर ते जास्त लागतं.

मुंबईत तिचा एक जोडीदार होता, निमिष रेगे. चित्रकार. त्याची चित्रं घेणाऱ्यालासुद्धा कळायची नाहीत, इतका मोठा. तिचे कपडे आणि ह्याची चित्रं असं दोघांचं मिळून काम चालायचं. तो कापडावर काढायचा, ती ते माणसाच्या अंगावर चढवायची, आणि लोक दालनात जाऊन बघायचे. ह्या दोघांनी तो लोटा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नेला. वर्षभरानं ईशानी एक उपरणं घेऊन बार्शीला आली. अंबादासच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, "काका, ह्याच्यावर हात दाबून धरा."

अंबादासनं हात दाबला. उचलला. निळ्या कापडावर पिवळा पंजा. पाची बोटं, रेघांसकट. तो बघतोय तोवर पंजा हिरवा झाला, मग हळूहळू निळा, आणि गेला.

"ह्ये तर रांजणात व्हतं," तो म्हणाला.

"तेच तर," ईशानी म्हणाली. "तुमच्या रांजणात जंतू आहेत, काका. ते निळीतला वारा काढून घेतात. वारा काढला की नीळ पिवळी पडते, पाण्यात विरघळते. बाहेर आली, वारा लागला की परत निळी. आम्ही त्या जंतूंना सुतात झोपवलंय. माणसाचा हात लागला की ऊब मिळते, घामातलं खायला मिळतं. ते जागे होतात आणि तेवढ्या जागेतला वारा ओढतात. हात काढला की परत झोपतात."

"मग आमचेच कशापायी? जंतू काय, गल्लीत पडलेत."

"बाकीच्यांनी नाही जमत. आणि तुमच्यातसुद्धा एक जंतू नाही, अख्खं खटलं आहे. वीस-पंचवीस जातींचं. एक चुना सोसतो, दुसरा गूळ फोडतो, तिसरा वारा ओढतो. वेगळे काढले की मरतात. बर्फात ठेवले तर निम्मे उठतच नाहीत. सुकवले तर मात्र सगळे मिळून झोपतात आणि सगळे मिळून उठतात."

मालनबाई ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी एकत्र कुटुंब."

"हो मावशी. आणि त्याला तुमचं नाव देणार आहे मी. भिंतीवर मोठ्या अक्षरात. मालन पतंगे."

जितं कापड बाजारात आलं आणि काय धुमाकूळ झाला. नवरदेवाच्या कुर्त्यावर नवरीनं हात ठेवायचा आणि फोटो काढायचा, तशी पद्धतच पडली. माणूस तापला की गळ्यापाशी पिवळं पडायचं, त्यामुळं पुढाऱ्यांनी एकदा घातलं, परत नाही. सासवांनी सुनांना भेट दिलं आणि दिवसभर गळ्याकडं बघत बसल्या. बार्शीत जो तो मालनबाईला म्हणायचा, "मावशी, तुमचं नाव व्हणार." ती म्हणायची, "व्हईल तवा बघू." पण तिनं त्या दिवसासाठी नारायणपेठी साडी घेऊन ठेवली होती.

पुण्यात पहिलं प्रदर्शन भरलं. आमंत्रण आलं. नारायणपेठी नेसून, अंबादासला इस्त्रीचं धोतर नेसवून मालनबाई पोचली.

दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत दोन हात होते. प्लास्टरचे, कोपरापर्यंत, निळे रंगवलेले. डाव्या करंगळीचं नख अर्धं तुटकं. मालनबाईनं आपल्या करंगळीकडं बघितलं. सहा महिन्यांपूर्वी निमिष ओल्या प्लास्टरची बादली घेऊन आला होता. "मावशी, आठवण म्हणून," असं म्हणून तिचे हात त्यात बुडवून ठसा घेऊन गेला होता. पेटीखाली पाटी होती. अंबादासनं अक्षर लावून वाचली.

"कारागीर. नाव अज्ञात."

मालनबाई म्हणाली, "परत वाचा."

त्यानं परत वाचली. पाटी तीच राहिली. पलीकडं भिंतीवर मोठ्या अक्षरात ईशानी आणि निमिष यांची नावं होती. त्या जंतूंच्या खटल्यालाही त्या दोघांच्याच नावांची जोड दिली होती, सरकारदरबारी नोंदवून.

मालनबाईनं ईशानीला गर्दीतनं बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. "पोरी, मी अज्ञात हाय?"

ईशानीचा गळा पिवळा पडला. तिनंही जितं कापडच घातलं होतं. "मावशी, निमिष म्हणतो, नाव टाकलं की त्या हातांतलं गूढ जातं. बघणाऱ्याला ते हजारो कारागिरांचे हात वाटले पाहिजेत. कलेत असं असतं."

"मग भिंतीवरचं तुझं नाव काढ की. तुजंबी गूढ वाढंल."

तेवढ्यात निमिष आला. "मावशी, तुम्ही आलात. छान. पुढच्या महिन्यात मुंबईला मोठं आहे. तुम्ही तीन दिवस तिथं रांजणाशेजारी बसायचं. बोलायचं काही नाही, फक्त ढवळायचं. लोकांना ते फार भिडतं."

मालनबाई ईशानीकडं बघत राहिली. ईशानी निमिषकडं बघत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "या ना मावशी. माझ्यासाठी."

"येते," मालनबाई म्हणाली.

परतीच्या वाटेवर अंबादास म्हणाला, "जाऊ दे. पोरगी हाय. चुकली."

"माझ्या ओटीतलं घेऊन गेली ती," मालनबाई म्हणाली.

मुंबईच्या आधी दोन दिवस अंबादास मिलच्या कामाला सोलापूरला गेला. त्या दुपारी मालनबाईनं पहार घेतली आणि परसातल्या शहाबादी फरशीचा चुना फोडला. सासूचं वाक्य आठवत होतं तिला, शब्द न् शब्द. तरी फोडला. आत तळाला काळी खरवड होती, वाळून पापुद्रे सुटलेली. तिनं कपभर कोमट पाण्यात ती भिजवली, गाळली, त्या पाण्यात रुमाल भिजवला आणि पिशवीत बांधून ठेवला. फरशी परत बसवली. आंघोळ केली, अंगावरचं लुगडं जाळलं. सुतकाचा नेम तिनं काटेकोर पाळला. तेवढ्यासाठी पुढच्या अंगणातल्या रांजणाजवळ पुढं ती फिरकली नाही. अंबादासनं विचारलं तर म्हणाली, "पाठ भरलीय. तुमीच ढवळा."

शिकलेल्या लोकांनी नंतर सांगितलं ते असं. जंतूंनासुद्धा रोग होतो. जंतूहून बारीक विषाणू असतात, ते एका ठरावीक जातीच्या जंतूत शिरतात, आत आपली पिल्लं वाढवतात आणि जंतू फोडून शेकड्यानं बाहेर पडतात. माणसाला काही करत नाहीत, गाईम्हशीला नाही, दह्याला नाही. फक्त आपलं एक गिऱ्हाईक धरतात. वैरागच्या मेव्हण्याच्या हातावर तेच होते, आणि चाळीस वर्षं फरशीखाली सुकून तेच पडून होते, खायला मिळायची वाट बघत. मालनबाईला ह्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. तिला नेम ठाऊक होता, आणि नेम मोडला की काय होतं ते ठाऊक होतं.

मुंबईत समुद्राकाठच्या दालनात पन्नास फूट लांब जितं कापड ताणून लावलं होतं. त्याच्यासमोर निळे कपडे घातलेल्या पोरी उभ्या. येणाऱ्यानं कापडावर हात ठेवायचा, पोरींना खांद्याला धरून मिठी मारायची, आणि पिवळे ठसे उमटताना, विझताना बघायचे. हेच चित्र. परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाची बाई तिसऱ्या दिवशी येणार होती, ते कायमचं घेऊन जायला. ते गेलं असतं तर ईशानी-निमिषचं नाव जगभर कायमचं लागलं असतं.

कोपऱ्यात एक रांजण, ईशानीच्या मुंबईतल्या विरजणाचा. शेजारी पाट. पाटावर मालनबाई. दालनात यायला निघण्याआधी तिनं दोन्ही तळवे त्या रुमालानं पुसून घेतले होते आणि मग कशाला शिवली नव्हती. ढवळायची काठीसुद्धा हातात धरली नाही. निमिष दोनदा येऊन म्हणाला, "ढवळा ना मावशी."

"ढवळंन. घाई काय."

खरं सांगायचं तर त्या घडीला तिचं मन अजून डळमळत होतं. हे तिनंच मला सांगितलं. तिनं ठरवलं होतं, ईशानीनं येऊन एकदा जरी सगळ्यांसमोर नाव घेतलं, तर हात धुवायचे आणि घरी जायचं.

ईशानी आली. कॅमेरेवाले घेऊन आली. मालनबाईच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "आणि ह्या आपल्या मावशी." बस्स. एवढंच. मग तिनं मालनबाईचा उजवा हात मनगटाला धरला, कापडापाशी नेला आणि सगळ्यांना दिसेल असा दाबला. टाळ्या झाल्या. पिवळा पंजा उमटला, तुटक्या नखासकट. विझला.

"मी न्हाई लावला," मालनबाई पुढं मला म्हणायची. "तिनं लावला."

मग मात्र तिनं काठी घेतली आणि मनापासून ढवळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका माणसानं मालनबाईच्या पंज्याच्या जागी हात ठेवला, उचलला, काही उमटलं नाही. त्यानं हात पुसून परत ठेवला. काही नाही. त्याला वाटलं आपलाच हात गार. तो सरकून दुसरीकडं गेला, तिथं उमटलं. पण आता त्याच्या हातावर ते होतं. संध्याकाळपर्यंत कापडावर मेलेले डाग पडले, पंज्यापंज्याएवढे. माणसांनी माणसांना मिठ्या मारल्या, पोरींचे कपडे गेले. जो तो हौसेनं हात लावत होता आणि जो तो मारत होता. मालनबाई पाटावर बसून चहा पीत होती. तीन दिवसांत तिनं अकरा कप चहा घेतला, आणि सांगायची, तसला चहा जन्मात प्याले नाही.

तिसऱ्या दिवशी परदेशची बाई आली. तिच्यापुढं ईशानीनं स्वतः तळवा दाबला. उचलला. निळं कापड. दोन्ही तळवे दाबले. निळंच. निमिष धावत आला, त्यानं गाल घासला कापडावर. कुणीतरी हसलं. परदेशची बाई सौम्यपणे काहीतरी म्हणाली आणि निघून गेली. रांजणातलं पाणी काळं पडलं होतं.

ईशानी पाटापाशी येऊन उभी राहिली. "मावशी, काय झालं हे?"

"मला काय ठाव, बाई. मी अज्ञात," मालनबाई म्हणाली, आणि पिशवी उचलून चालू लागली.

बार्शीत उतरल्यावर ती घरी गेली नाही. आधी गावाबाहेरच्या विहिरीवर आंघोळ केली, नारायणपेठी तिथंच जाळली. अंबादासनं विचारलं, "साडी कुटं?"

"फाटली."

त्यानं पुढं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो दोन दिवस जेवला नसता, एवढं तिला ठाऊक होतं. दहा दिवस रांजणापासनं लांब राहायचं, मग सगळं होतं तसं, असा तिचा हिशोब होता. पोटात गारवा होता तिच्या. मला भेटली तेव्हा भाजीच्या गाड्यावर वांगी निवडत चक्क गुणगुणत होती.

आठवा दिवस. मालनबाई बाजारात गेलेली. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि ईशानी चालत आली. काखेत कापडाचं गाठोडं. चेहरा असा की अंबादासनं आधी पाणी दिलं, मग विचारलं.

"काका, सगळं गेलं. पुण्यातलं, मुंबईतलं, दुकानांतलंसुद्धा. एक सूत जिवंत नाही. निमिष फोन उचलत नाही." तिनं गाठोडं सोडलं. "हा त्या चित्राचा तुकडा आहे. पाटी पण आणलीय. मी काढून आणली. मी मावशींची माफी मागायला आले."

अंबादासनं तुकडा हातात घेतला. उन्हात धरला, वास घेतला. रंगाऱ्याच्या हातात मरगळलेलं कापड आलं की तो काय करतो? त्याच्या बापानं जे केलं असतं, आज्यानं जे केलं असतं, तेच.

"रडू नगंस. भुकेलं असंल. पाजून बघू," असं म्हणून त्यानं ते कापड रांजणात बुडवलं, दोनदा पिळलं, परत बुडवलं.

मालनबाई पिशवी घेऊन दारात आली तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत होते.

वांगी अंगणभर झाली. "काढा. अहो काढा हात," एवढंच तिला बोलता आलं.

"का गं?"

तिची नजर परसाकडं गेली. अंबादासनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग हातातल्या कापडाकडं, मग परसाकडं. उठला, परसात गेला. फरशीच्या कडेला नवा चुना होता, अजून पांढरा. त्यानं तो बोटानं खरवडून बघितला. परत आला, हातपाय धुतले आणि ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसला.

ईशानीला मग समजलं. ती मालनबाईकडं बघून म्हणाली, "तुम्ही?"

"व्हय, मी. कुणी केलं त्ये कळावं म्हणून सांगते. माझं नाव मालन अंबादास पतंगे. लिवून घे."

"मावशी, मी ह्यासाठीच आले होते. तुमचं नाव..."

"उशीर केलास तू," मालनबाई म्हणाली. मग रांजणाकडं बघून हळूच म्हणाली, "मीबी केला. ह्यांना सांगायला."

तिसऱ्या दिवशी सकाळी अंबादासनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. रांजण बसला होता. सात पिढ्या.

त्यानं बायकोवर हात उचलला नाही, शिवी दिली नाही. डोकं भादरलं, दहा दिवस सुतक पाळलं, पंगत घातली. गल्ली जेवून गेली. त्यानंतर तिच्याशी बोलणं असं नाहीच. वाढ म्हणतो, पुरे म्हणतो.

एकदा मी मालनबाईला विचारलं, "पस्तावा होतो का?"

म्हणाली, "त्या पोरीचा न्हाई. उद्या परत तसंच झालं तर परत करंन. फकस्त आधी ह्यांना सांगंन." मग म्हणाली, "सांगितलं असतं तर करू दिलं नसतं त्यांनी. त्येच बरं झालं असतं का, त्ये मला अजून ठरवता येत न्हाई."

ईशानी आता कपडे करत नाही म्हणतात. पण महिन्या दोन महिन्याला अंबादासला तिचा फोन असतो, आणि ती पाटी पतंग्यांच्या ओसरीवर आहे. 'नाव अज्ञात' खरवडून वर नखानं लिहिल्यासारखं मालन पतंगे लिहिलंय.

आता तुमच्याकडचं काम.

गावाच्या पल्याड, कुर्डुवाडी रस्त्याला अंबादासनं एका शेडात नवा रांजण पुरलाय. निवळी, गूळ, टाकळ्याचं बी, सगळं तयार आहे. विरजण नाही. घरातली कापडाची ठाणं अंबादासच्या त्याच हातांनी घडी घातलेली, ती सगळी मेलेली. पण ह्या भानगडीच्या आधी पतंग्यांची निळी ओढणी, धोतर, पासोडी कित्येक घरांत गेलेली आहे. कोपऱ्यात तीन ठिपके पांढरे सोडलेले असतात, त्यावरनं ओळखायचं. ट्रंकेत तळाला पडलेलं असं एखादं, कधी न धुतलेलं, त्या जित्या कापडाला कधी न लागलेलं असेल, तर त्यात ते अख्खं खटलं अजून झोपलेलं असू शकतं. वीतभर पुरे.

घरी गेल्यावर बायकोला विचारा, आईला विचारा, ट्रंक उघडा. सापडलं तर धुवू नका, कागदात गुंडाळून आणा. शेडासमोर, रस्त्याच्या अल्याड लिंबाखाली एक बाई बसलेली दिसेल. रोज असते. तिला शेडात जायची बंदी आहे, आणि ती बंदी तिनंच स्वतःला घातलीय. कापड बघितलं की ती उठेल आणि घ्यायला हात पुढं करील, सवयीनं. तिच्या हातात देऊ नका. तेवढं सांभाळा. रस्ता ओलांडून अंबादासलाच द्या.

आणि देताना त्याला मोठ्यानं सांगा, मालनबाईंच्या हातचं आहे म्हणून. तिला पलीकडं ऐकू जाईल असं.